एकाच सुरांचे तीन राग, तीन चित्रं: रंगाला नाद, वास आणि स्पर्श जोडण्याची रीत

पूरिया, मारवा आणि सोहनी. तिन्ही रागांत रिषभ (रे) कोमल, मध्यम (म) तीव्र, पंचम (प) वर्ज्य आणि बाकीचे स्वर शुद्ध. वहीत नुसते स्वर लिहिले तर तिघांत फरक दिसत नाही. कानाला मात्र तो लगेच कळतो. पूरिया खाली, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकाच्या अंगाने वावरतो. सोहनी वरच्या षड्जाभोवती (सा) खेळते. मारवा मधल्या सप्तकात, षड्जाला टाळत, बेचैन होऊन फिरत राहतो.

आता समजा, प्रत्येक स्वराला एकेक रंग ठरवून दिला, सा लाल, रे केशरी, ग पिवळा असा तक्ता केला आणि त्यावरून या तिन्ही रागांची चित्रं काढली. तिन्ही चित्रांत तेच सहा रंग येतील आणि कानाला जो फरक जाणवला तो कागदावर उतरणारच नाही.

रंगाला नादाशी, वासाशी, स्पर्शाशी जोडून काम करू पाहणाऱ्या बऱ्याच जणांची गाडी इथेच अडते. ‘या सुराचा रंग कोणता?’ हा प्रश्न ते सगळ्यांत आधी विचारतात. माझं ठाम मत आहे की तो सगळ्यांत शेवटी विचारायचा. आधी विचारायचं ते असं: उजेड किती? कड कशी? वजन कुठे? वेग किती? या चारांची उत्तरं मिळाली की रंग निवडणं सोपं होतं आणि चित्र पाहणाऱ्यापर्यंत पोचतं. पुढची सगळी रीत या क्रमावर उभी आहे. तिच्या शेवटी पूरिया, मारवा आणि सोहनी यांची तीन चित्रं तुमच्या हाती असतील.

तक्ते पुष्कळ झाले, जुळले थोडेच

तक्ता करण्याची ओढ फार जुनी आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवांनी ‘संगीतरत्नाकरा’त सात स्वरांचे वर्ण दिले आहेत: षड्ज कमळासारखा, रिषभ पिंजट, गांधार सोनेरी, मध्यम कुंदाच्या फुलासारखा पांढरा, पंचम काळा, धैवत पिवळा आणि निषाद चित्रविचित्र, म्हणजे अनेक रंगांचा. न्यूटननी 1704 साली छापलेल्या प्रकाशावरच्या ग्रंथात वर्णपटाचे सात भाग केले आणि त्यांच्या रुंदीचं प्रमाण युरोपीय स्वरसप्तकावरून घेतलं. रशियन संगीतकार स्क्रियाबिन यांनी तर 1910 मध्ये पूर्ण केलेल्या ‘प्रोमिथियस’ या वाद्यवृंदाच्या रचनेत रंगीत प्रकाशासाठी स्वरलिपीची वेगळी ओळच लिहिली. 1915 साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ती रचना खरोखर रंगीत प्रकाशासह सादर झाली.

गंमत पुढे आहे. स्क्रियाबिन आणि त्यांचेच देशबांधव संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव, दोघांनाही स्वरसप्तकांना रंग असतात असं वाटे. डी मेजर पिवळा, यावर दोघांचं एकमत होतं. सी मेजर मात्र स्क्रियाबिनना लाल वाटे आणि रिम्स्की-कोर्साकोवना पांढरा. एकाच काळातले, एकाच परंपरेतले दोन कसलेले कानही जुळले नाहीत. मग देवगिरीचा तक्ता मॉस्कोच्या तक्त्याशी जुळावा अशी अपेक्षा कशाला ठेवायची?

जुळतं ते वेगळंच काहीतरी. उंच पट्टीचा आवाज उजळ छटेशी आणि खालच्या पट्टीचा गडद छटेशी जोडण्याकडे बहुतेक लोकांचा कल असतो. हे अनेक प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. आकारांचंही तसंच. 1929 मध्ये जर्मन मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग कोहलर यांनी लोकांपुढे दोन आकृत्या ठेवल्या, एक टोकदार आणि एक गोलसर, आणि दोन निरर्थक शब्दांपैकी कुठला कुणाचा असेल असं विचारलं. ‘टाकेटे’ हा शब्द बहुतेकांनी टोकदार आकृतीला दिला. पुढे 2001 मध्ये मेंदूचे अभ्यासक व्ही. एस. रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांनी हाच खेळ ‘बूबा’ आणि ‘किकी’ या शब्दांनी केला. किकी टोकदार निघाली, बूबा गोल.

म्हणजे छटेचा उजळपणा आणि आकाराची कड ही बऱ्यापैकी सामायिक भाषा आहे. रंगाचं नाव ही ज्याची त्याची बोली. चित्राचा पाया सामायिक भाषेत घालायचा आणि स्वतःची बोली त्यावर चढवायची.

काही जणांना मात्र आवाज ऐकताच किंवा अक्षर पाहताच आपोआप, न ठरवता रंग दिसतो. याला सिनेस्थेशिया म्हणतात. ब्रिटनमधल्या एका तपासणीत (2006) त्याचा कुठला ना कुठला प्रकार सुमारे 4 टक्के लोकांत आढळला. तुम्हाला तसं होत नसेल तर खंत करू नका. निळ्याला बासरी आणि चेलो, पिवळ्याला ट्रम्पेट मानणारे चित्रकार कांदिन्स्की यांना तरी हा गुण खरोखर होता की नाही, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. चित्रं काढायला त्यामुळे कुणाचं काही अडलेलं नाही.

साहित्य

सरावाला कार्ट्रिज पेपर पुरे. शेवटच्या चित्रांसाठी 300 जीएसएमचा वॉटरकलर पेपर किंवा जाड हातकागद घ्या. हातकागद पुण्याच्या हातकागद संस्थेत मिळतो, मोठ्या स्टेशनरीच्या दुकानांतही असतो. घेण्याआधी कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाकून बघा. थेंब लगेच शोषला गेला तर त्या कागदावर पातळ वॉश, म्हणजे भरपूर पाणी घातलेल्या रंगाचा थर, नीट पसरणार नाही.

रंग पोस्टर कलर असू द्या. ते अपारदर्शक असतात, छटा तपासायला सोपे आणि खिशाला परवडणारे. सात बाटल्या लागतील: पांढरा, काळा, अल्ट्रामरीन, लेमन यलो, व्हर्मिलियन, क्रिमसन आणि बर्न्ट सिएना. ब्रशमध्ये एक इंची चपटा, 8 आणि 2 नंबरचे गोल आणि एखादा जुना, केस ताठ झालेला ब्रश. तो फेकू नका, सोहनीला लागणार आहे. शिवाय 6बी पेन्सिल, मास्किंग टेप आणि कोळशाची कांडी. ऐकायला हेडफोनपेक्षा स्पीकर बरा, कारण खर्जातला आवाज अंगालाही जाणवला पाहिजे.

पायरी पहिली: करड्या छटांची पट्टी

काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सात छटा मिसळा आणि कागदाच्या पट्टीवर दोन-दोन इंचांचे सात चौकोन रंगवा. 1 म्हणजे काळा, 7 म्हणजे पांढरा. मधला 4 नंबर मिळवायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो, कारण डोळा सवयीने त्याला गडद करतो. पोस्टर कलरची छटा ओली असताना एक आणि वाळल्यावर दुसरीच दिसते, म्हणून तपासणी वाळल्यावरच करायची.

ही पट्टी पुढच्या प्रत्येक पायरीला लागेल. जाड पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवा.

पायरी दुसरी: काळ्या-पांढऱ्यात ऐकणं

कागद घडी घालून आठ चौकटी करा. प्रत्येक चौकटीत एक आवाज. रंग वापरायचा नाही, फक्त कोळसा आणि करडे पोस्टर कलर. सुरुवात रागाने करू नका, साध्या आवाजांनी करा. गणपतीतलं ढोल-ताशा पथक यासाठी उत्तम. ताशाची तडतड उजळ असते, 6 नंबरच्या आसपास, कड तीक्ष्ण, ठिपके बारीक आणि दाट. ढोलाचा ठोका 1 किंवा 2, आकार मोठा, कड किंचित पसरलेली, कारण ठोक्यानंतर कातडं थरथरत राहतं. दोन्ही एकाच चौकटीत काढा आणि कुठलं वर, कुठलं खाली हे हाताला ठरवू द्या. बहुतेकांचा हात ताशाला आपोआप वर नेतो.

नंतर देवळातली घंटा. हिची डावी कड सरळ, कापल्यासारखी, आणि तिथून उजवीकडे छटा हळूहळू कागदात विरत जाते. आवाजाची सुरुवात आणि शेवट वेगवेगळे काढायचे, हे घंटेइतकं स्पष्ट दुसरं काही शिकवत नाही. मग तबला. उजव्यावरचा ‘ना’ म्हणजे छोटी, टणक, उजळ खूण. डग्ग्यावरच्या ‘घे’ला मनगटाच्या दाबाने मींड येते, आवाज वर चढतो. तिथे गडदपासून मध्यम छटेकडे जाणारा वाक काढा. तंबोऱ्याला सुरुवातच नसते म्हटलं तरी चालेल. तिथे पूर्ण चौकट ओल्या ब्रशने भरा, एकही कड नको.

प्रत्येक चौकटीखाली चार गोष्टी लिहायच्या: छटा क्रमांक, कड (टणक, मऊ की तुटक), वजन (चौकटीत वर की खाली, मोठं की लहान) आणि वेग. ही तुमची वही. पुढच्या दोन आठवड्यांत जमेल तसे आवाज तिच्यात घाला: कुकरची शिट्टी, लोकलचा भोंगा, विहिरीत पडलेला दगड, पहाटेची बाभळीवरची चिवचिव. रोज दहा मिनिटं पुरे, पण रोज करा. कान आणि हात यांच्यात वाट पडायला सलग सराव लागतो.

पायरी तिसरी: रंगाचं नाव, आणि त्याची परीक्षा

आता तोच आवाज पुन्हा ऐका आणि रंग निवडा. अट एकच: रंगाचा उजळपणा वहीत लिहिलेल्या छटा क्रमांकाशी जुळला पाहिजे. ढोल 2 नंबरवर असेल तर तो गडद क्रिमसन असेल, गडद निळा असेल, काळपट बर्न्ट सिएना असेल. लेमन यलो कितीही आवडला तरी तिथे बसणार नाही. उजळपणा तपासायला मोबाइलवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून करड्या पट्टीशेजारी ठेवून बघा. शुद्ध व्हर्मिलियन डोळ्यांना झगझगीत वाटतो, पण कृष्णधवल फोटोत तो मध्यम करडा निघतो. हे एकदा नीट पाहिलं की भडकपणा आणि उजेड यांत पुन्हा गोंधळ होत नाही.

प्रत्येक आवाजासाठी रंगाचा एक चौकोन रंगवा, मागे तारीख आणि आवाजाचं नाव लिहा आणि पाकिटात बंद करा. दोन आठवड्यांनी तेच आवाज वेगळ्या क्रमाने ऐकून, जुने चौकोन न पाहता, नवे रंगवा. मग पाकीट उघडा.

सिनेस्थेशिया असलेल्यांची उत्तरं महिन्यांनंतरही जवळजवळ तीच येतात. संशोधक त्यांना ओळखतात ते याच कसोटीवर. इतरांची काही उत्तरं टिकतात, काही बदलतात. टिकलेली उत्तरं तुमची. त्यांच्यावर भरवसा ठेवून मोठं चित्र करता येतं. बदललेली उत्तरं त्या दिवसाच्या मूडची होती, ती खोडून टाका. पन्नासातले दहा रंग टिकले तरी शब्दसंग्रह पुष्कळ झाला.

इथे परंपरेने दिलेले रंगही हाताशी ठेवावेत. नाट्यशास्त्रात रसांचे वर्ण दिले आहेत: शृंगार श्याम, हास्य शुभ्र, करुण कबुतरी, रौद्र लाल, वीर गौर, भयानक काळा, बीभत्स निळा, अद्भुत पिवळा. हे संकेत आहेत आणि संकेताचं बळ वेगळं असतं, पाहणारा ते सोबत घेऊनच येतो. करुणाचा कबुतरी करडा मला तर फारच नेमका वाटतो: त्यात ना रडण्याचा काळोख आहे ना दिलाशाचा उजेड. पण कुठला रंग संकेताचा आणि कुठला स्वतःच्या परीक्षेतून आलेला, हे वहीत वेगळ्या खुणेने दाखवा. दोन्ही मिसळले की चित्र कुठून आलं हेच आपल्याला कळेनासं होतं.

रागमाला चित्रकारांनी तिसरीच वाट धरली होती. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून दख्खनमध्येही रागमाला चित्रं होत होती. त्यांत स्वरांना रंग दिलेले नाहीत. रागाचा प्रहर, ऋतू आणि त्याचा नायक किंवा नायिका रंगवलेली असते. तोडी म्हटलं की रानात वीणा घेतलेली स्त्री आणि तिच्याभोवती जमलेली हरणं. त्यांच्याकडून घेण्यासारखी मोठी गोष्ट म्हणजे प्रहर. रागाची वेळ ही प्रकाशाची वेळ असते आणि प्रकाश ही चित्रकाराची स्वतःची गोष्ट आहे. भूप आणि देशकार घ्या. स्वर तेच पाच, पण भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, गांधारावर बसणारा. देशकार सकाळचा, धैवतावर, म्हणजे वरच्या अंगाला खुलणारा. दिव्याचा उजेड आणि सकाळचं ऊन यांत जेवढं अंतर, तेवढं या दोघांत.

पायरी चौथी: वास

वासाचं काम आवाजापेक्षा अवघड, कारण वास ओळखला की वस्तूचा रंग मध्ये येतो. हळदीचा वास म्हटलं की हात पिवळ्याकडे जाणारच. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच प्रयोगात वाइनचं शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना पांढरी वाइन वास नसलेल्या रंगाने लाल करून दिली, तेव्हा त्यांनी तिच्या वासाचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. रोज नाक वापरणाऱ्यांचीही ही गत! म्हणून इथे नाव लपवावं लागतं.

घरातल्या कुणाला तरी मदतीला घ्या. छोट्या, झाकणाच्या अपारदर्शक डब्यांत त्यांनी वस्तू ठेवाव्यात आणि तळाशी फक्त क्रमांक लिहावा. कापूर, वाळा, हिंग, जायफळ, ओवा, लिंबाची साल, सोनचाफा, मिळालं तर केवड्याचं अत्तर, पावसानंतरची माती. या मातीच्या वासामागे जमिनीतल्या जिवाणूंनी तयार केलेलं जिओस्मिन असतं आणि आपल्या नाकाला ते अगदी अल्प मात्रेतही कळतं. एका बैठकीत तीन-चारच वास घ्या. मध्ये मोकळ्या हवेत जा किंवा स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्या, नाक ताजं होतं. दमा किंवा अ‍ॅलर्जी असेल तर कापूर आणि अत्तरं गाळा.

कागदाची एक फूट लांब, दोन इंच रुंद पट्टी घ्या. डावं टोक म्हणजे डबा उघडल्याचा क्षण, उजवं टोक म्हणजे एक मिनिटानंतर. डोळे मिटून वास घ्या, मग डोळे उघडून एका दमात ब्रश डावीकडून उजवीकडे न्या. आधी करड्यात. कापूर झपकन येतो, टोकदार, उजळ, आणि लवकर ओसरतो, म्हणून पट्टीचा उजवा अर्धा भाग मोकळाच राहील. हिंग येतो तो गडद आणि जाड, आणि हलत नाही. वाळा हळू उमलतो, त्याला कड नसते, मधेच एक हिरवट गारवा येऊन जातो. जायफळात मला नेहमी दोन थर दिसतात, वर गोडसर उजळ आणि खाली लाकडी, तपकिरी. तुमच्या पट्ट्या वेगळ्या निघतील, निघाव्यात. करड्या पट्ट्या वाळल्या की त्यांच्याखाली रंगीत पट्टी करा आणि मगच डब्यात काय होतं ते विचारा.

नाव कळल्यावर ‘अरे, हे तर लिंबू, मी जांभळं कसं केलं’ असं वाटून रंग बदलावासा वाटेल. बदलू नका. नाव न कळता आलेलं उत्तर सोन्यासारखं जपा.

चवीचं थोडक्यात

गोडाला गुलाबी-लाल, आंबटाला पिवळा-हिरवा, खारटाला पांढरा, कडूला काळपट तपकिरी, असे जोड अनेक देशांतल्या लोकांकडून येतात, आणि त्यांतले बरेचसे फळांवरून आणि पदार्थांवरून शिकलेले असतात. मला चवीचं काम सगळ्यांत कमी समाधान देतं, कारण प्रत्येक चव आपला पदार्थ घेऊनच येते. करायचंच असेल तर एकाच चवीचे प्रकार घ्या: कैरी, चिंच, आमसूल, लिंबू, ताक. सगळे आंबट, पण प्रत्येकाची कड वेगळी. लिंबू सुईसारखं टोचतं, आमसूल पसरतं, चिंच मागून जड होत जाते. हा फरक फक्त कडेतून दाखवा, रंग एकच ठेवा. रंगाचा आणि खाण्याचा पेला, चमचा, टेबल सगळं वेगळं ठेवा, आणि ब्रशचं टोक ओठांनी कधीही ओढू नका. काही रंगद्रव्यं विषारी असतात.

पायरी पाचवी: स्पर्श

जाड पुठ्ठ्याचे सहा चौकोन कापा. पुठ्ठा वाकू नये म्हणून फेव्हिकॉलमध्ये पाणी मिसळून दोन्ही बाजूंना एकेक हात द्या. वाळल्यावर त्यांवर पोत तयार करा. एकावर फेव्हिकॉल आणि पांढरी रांगोळी यांचं मिश्रण, चमच्यावरून ओघळणार नाही इतकं घट्ट, आणि त्यात जुन्या कंगव्याने ओळी. दुसऱ्यावर नुसती कोरडी रांगोळी ओल्या फेव्हिकॉलवर चाळणीतून. तिसऱ्यावर चुरगळलेला टिश्यू पेपर, चौथ्यावर गोणपाट, पाचव्यावर वाळूचा कागद, सहावा गुळगुळीत. रात्रभर वाळू द्या. रांगोळीची पूड रंग फार शोषते, म्हणून सगळ्यांवर आधी पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकचा एक हात द्या आणि मग सहाही चौकोन एकाच अल्ट्रामरीनने रंगवा.

आता खिडकीजवळ आडव्या उजेडात ठेवून बघा. रंग एक, पण सहा निळे दिसतील. खरखरीत पृष्ठभागावर प्रत्येक कणाची बारीक सावली पडते आणि तो भाग गडद दिसतो. गुळगुळीत चौकोन प्रकाश परतवतो. म्हणजे पोत हाही छटा बदलण्याचा मार्ग आहे, आणि बोटांना तो डोळ्यांआधी कळतो. दृष्टिहीन मित्रमैत्रिणींसाठी चित्र करायचं असेल तर हीच वाट: छटा क्रमांकाच्या जागी खरखरीतपणाचा क्रमांक. डोळे मिटून सहा चौकोन क्रमाने लावा, तो क्रम वहीत उतरवा. चित्र हात लावून पाहायचं असेल तर शेवटी पारदर्शक वॉर्निशचे दोन हात हवेत, नाहीतर पोस्टर कलर बोटांना लागेल.

पायरी सहावी: पूरिया, मारवा, सोहनी

तीन कागद, प्रत्येकी साधारण 30 बाय 40 सेंटिमीटर, उभे. कडेने मास्किंग टेप लावून पाटावर ताणून घ्या. तिन्हींसाठी रंग तेच: अल्ट्रामरीन, व्हर्मिलियन, बर्न्ट सिएना, लेमन यलो आणि पांढरा. स्वर एक आहेत तर रंगही एकच असू द्यायचे. फरक प्रमाणातून, छटेतून, कडेतून आणि वजनातून आला पाहिजे. हीच या कामाची खरी कसोटी आहे. तुमच्या वहीत या सुरांसाठी दुसरे चार रंग टिकले असतील तर ते घ्या, पण तिन्ही चित्रांत तेच.

प्रत्येक राग चार वेळा ऐका. पहिल्यांदा हात मांडीवर ठेवून, नुसतं. दुसऱ्यांदा पेन्सिलने, कागदाकडे न बघता, सूर जिथे राहतो तिथे हात राहू देत. तिसऱ्यांदा आगपेटीएवढी चार-पाच लहान आखणी-चित्रं, फक्त करड्यात. त्यांतलं एक निवडून ठेवा. चौथ्यांदा रंग.

पूरियात वजन कागदाच्या खालच्या तिसऱ्या भागात ठेवा. कागद आधी ओला करा आणि चपट्या ब्रशने अल्ट्रामरीन व बर्न्ट सिएनाचं मिश्रण 2 ते 3 नंबरच्या छटेत आडवं ओढा. मंद्रातला निषाद आणि धैवत जसे एकमेकांत ओवले जातात, तसे दोन रंग ओल्यातच एकमेकांत शिरू द्या. वरचा भाग रिकामा नको. तिथे तोच रंग पाणी घालून 4 नंबरपर्यंत नेलेला असावा. गांधारासाठी मधोमध थोडं खाली एक उबदार डाग ठेवा, व्हर्मिलियन आणि सिएनाचा, मऊ कडेचा. पूरियाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गांधार आहे, डोळा तिथे विसावला पाहिजे.

मारव्यात विसावा नको. मावळतीचा राग आहे. व्हर्मिलियन इथे सगळ्यांत जास्त, 4 ते 5 नंबरच्या छटेत, त्याला भिडून निळसर करडा. कोमल रिषभ आणि शुद्ध धैवत हे दोन खांब, म्हणून कागदावर दोन केंद्रं करा आणि दोन्ही मध्यापासून दूर ढकला. मध्यभाग, जिथे षड्ज असायला हवा, तो कागदाचाच पांढरा राहू द्या. ब्रशचे फटकारे त्याच्याकडे निघतील आणि पोचायच्या आत वळतील. गायक षड्जाला वळसा घालून जातो तेव्हा श्रोता श्वास धरून बसतो. चित्रातल्या त्या कोऱ्या जागेने तेच करायचं आहे. मास्किंग टेपचा तुकडा तिथे आधीच लावून ठेवा, भरून टाकायचा मोह टळेल. शेवटी टेप काढल्यावर तिची कड फार टणक वाटली तर ओल्या ब्रशने एकच बाजू मऊ करा.

सोहनीला कागद कोरडा. वजन वरच्या तिसऱ्या भागात, छटा 6 आणि 7, म्हणजे लेमन यलो आणि पांढरा भरपूर, व्हर्मिलियनची नुसती झाक. तो जुना ताठ ब्रश जवळजवळ कोरडा करून झटक्याने ओढा, म्हणजे कागदाचा पोत मधून दिसतो आणि खुणा तुटक येतात. वेग महत्त्वाचा, सोहनी फार वेळ एका जागी थांबत नाही. खालचा अर्धा कागद मोकळा सोडा, फक्त तळाशी अल्ट्रामरीनची एक पातळ, फिकी पट्टी. रात्रीचा शेवटचा प्रहर तेवढाच शिल्लक असतो.

वासाच्या पट्ट्या आणि स्पर्शाचे चौकोन इथे उपयोगी पडतात. पूरियाच्या खालच्या भागात रंग देण्याआधी रांगोळी-फेव्हिकॉलचा पातळ थर दिला तर तो आणखी जड होतो. तसं करायचं असेल तर कागदाऐवजी पुठ्ठा घ्या, आणि त्या भागावर ओल्यावर ओला रंग चढवताना पाणी कमी ठेवा. कापराच्या पट्टीतला झपकन येऊन विरणारा आकार सोहनीत जसाच्या तसा चालतो.

पायरी सातवी: दुसऱ्यांचे डोळे

तिन्ही चित्रं नावं न लिहिता भिंतीला लावा. रागांची ओळख नसलेल्या पाच-सहा जणांना बोलवा. तिन्ही रागांचा दोन-दोन मिनिटांचा आलाप वेगळ्याच क्रमाने ऐकवा आणि विचारा, कुठलं गाणं कुठल्या चित्राचं? गप्पा नकोत, प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहावं. निव्वळ अंदाजाने तिन्ही जोड्या बरोबर येण्याची शक्यता सहात एक. पाच-सहा जणांपैकी तिघाचौघांनी तिन्ही जुळवल्या तर चित्रं बोलताहेत.

सोहनी बहुतेकांना लगेच सापडते. घोळ होतो तो पूरिया आणि मारवा यांच्यात. तसं झालं तर रंगाला हात लावू नका. दोन्ही चित्रांचा कृष्णधवल फोटो शेजारी शेजारी ठेवा. दोघांच्या छटा सारख्या निघाल्या असतील तर पूरियाचा खालचा भाग एका क्रमांकाने गडद करा. छटा वेगळ्या असूनही घोळ होत असेल तर कडा बघा, मारव्यातल्या कडा नकळत मऊ झालेल्या असतात. 2 नंबरच्या ब्रशने दोन्ही केंद्रांची मध्याकडची बाजू टणक करा, बाहेरची तशीच राहू द्या, आणि नव्या माणसांना बोलावून चिठ्ठ्या पुन्हा घ्या.